फायनल किती?

सुरतेत बोलण्याची सुरुवात कुठूनही करता येते, शेवट ठरलेला असतो. रिंग रोडच्या मार्केटात साडीचा भाव करा, महिधरपुऱ्याच्या गल्लीत उभ्या उभ्या हिऱ्याचं पडीकं उघडा, लग्नाच्या हॉलचं भाडं विचारा नाहीतर शिकवणीची फी, समोरचा सगळं शांतपणे ऐकतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "ए बधुं ठीक. फायनल बोलो." फायनल म्हणजे आकडा. एकच आकडा. ज्याच्यापुढे 'फक्त' लिहिता येईल असा.

अशा गावात बीजगणिताचं दुकान चालणं कठीण. पानभर झटापट करून, कंस फोडून, चिन्हं सांभाळून, सजातीय पदं शेजारी शेजारी बसवून शेवटी हाती काय येतं? ७क्ष + ३य. त्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि वही मिटायची. पुस्तक म्हणतं, 'सरळ रूप द्या.' आपण दिलं. या सरळ रूपात क्ष म्हणजे किती ते कुणाला माहीत नाही, य म्हणजे किती तेही नाही, आणि दोघांच्या मधलं अधिकचं चिन्ह जागचं हलायला तयार नाही. असं बिल रिंग रोडवर कुणी पास करणार नाही.

या भानगडीत मी पडलो तो निव्वळ तोंडामुळे. आम्ही मूळचे चाळीसगावकडचे. खान्देशातली जी असंख्य घरं तापीच्या वाहत्या दिशेने सुरतेला आली आणि उधना, लिंबायत, डिंडोलीच्या बाजूला लूमच्या खडखडाटात झोपायला शिकली, त्यांतलं आमचं एक. मी एका प्रिंटिंग मिलमध्ये हिशेब लिहितो. परमुलखात माणसाला आपल्याकडचा एक तरी थोर पुरुष सांगायला लागतो. महाराजांचं नाव घ्यावं तर जागा पाहून घ्यावं लागतं. जुन्या सुरती पेढीवर १६६४ आणि १६७० चा विषय निघाला की यजमान चहा अर्धाच पाजतो. म्हणून मी भास्कराचार्य निवडले. विद्वान माणूस, शिवाय सुरतेला त्यांचा काही उपद्रव झाल्याची नोंद नाही.

तर मी येईल त्याला सांगायचो, "भास्कराचार्य आमच्याकडचे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. शिलालेख आहे तिथे. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ चं दान." चारचौघांत हे सांगताना माझी छाती अशी फुगायची की ते दान माझ्याच सहीने झालं असावं. हे ऐकणाऱ्यांत माझी ताई होती. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते. तिची मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीला. सुरत महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा नाना माध्यमांच्या शाळा चालवते. क्ष सगळ्या माध्यमांत अज्ञातच असतो. पोरीने सहामाहीत बीजगणितात जे दिवे लावले ते पाहून ताई वही घेऊन वर आली.

"भाऊ, हिला शिकव."

"अगं, मी हिशेब लिहितो. जमा, खर्च. यात अक्षरं असतात."

"भास्कराचार्य आपल्याकडचे म्हणतोस ना?"

या प्रश्नाला बीजगणितातही उत्तर नाही. शिकवणी सुरू झाली. आठशे वर्षांपूर्वी पाटणला हीच शिकवणी राजाच्या दानावर चालायची; माझी ताईच्या चहावर. त्यात साखर तिच्या मर्जीने.

पहिलंच गणित होतं : ३क्ष + २य + ४क्ष + य. भाचीने एका दमात उत्तर लिहिलं : १०क्षय. तीन, दोन, चार आणि एक, झाले दहा. क्ष आणि य दोघे उरले, त्यांना मागे चिकटवलं. पोरीची वृत्ती सुरती आहे, सुटं काही ठेवत नाही. माझी आई पलीकडे शेंगा निवडत बसली होती. भाचीने उत्तर मोठ्याने वाचल्याबरोबर तिने सूप खाली ठेवलं.

"कोणले व्हयना रे क्षय?"

तिला समजावण्यात पाऊण तास गेला. तरी रात्री ताईच्या सासऱ्यांचा खोकला ऐकून तिने माझ्याकडे जी नजर टाकली, ती सगळं समजल्याची होती.

मी भाचीला सांगितलं, "क्षचं क्षशी जमतं, यचं यशी. तीन आणि चार क्ष, सात क्ष. दोन आणि एक य, तीन य. उत्तर ७क्ष + ३य." तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले भाई आले. भाईंचा रिंग रोडला साड्यांचा छोटा गाळा आहे. संध्याकाळी मार्केटमधून आले की ते घरी जाण्याआधी आमच्याकडे डोकावतात, कारण आमच्याकडे चहा असतो आणि त्यांच्याकडे त्यांची बायको असते. त्यांनी वही उचलून चष्मा वर केला.

"आ हूं छे?"

"उत्तर आहे, भाई."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग हा अधिक मध्ये काय करतो? बेरीज बाकी आहे ना अजून?"

"ती होत नाही."

भाईंनी माझ्याकडे अशा कणवेने पाहिलं की मिलच्या मालकाने ती पाहिली असती तर माझी नोकरी गेली असती. "भाऊ, तुम्ही मराठी लोक हिशेब अर्धा सोडता. सात आणि तीन, दहा. जी एस टी वेगळा लावा. फायनल करा." भाची आनंदाने टाळ्या पिटायला लागली. तिच्या १०क्षयला बाजारातून पाठिंबा मिळाला होता.

शेवटी मला भास्कराचार्यांनाच मध्ये घालावं लागलं. ११५० च्या सुमाराचा त्यांचा बीजगणित हा ग्रंथ. त्यात क्ष आणि य नाहीत. पहिल्या अज्ञाताला ते म्हणतात यावत्तावत्, जितकं असेल तितकं. लिहिताना नुसतं 'या'. त्यापुढच्या अज्ञातांना रंगांची नावं : कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. नियम असा की एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी, वेगळ्या जातीच्या वेगळ्याच मांडून ठेवाव्यात.

भाईंच्या हातातला कप हवेतच थांबला. "एटले, सात निळ्या आणि तीन पिवळ्या?"

"हो."

"अरे मग तसं सांगा ना! दहा कसं लिहिणार? पार्टीने सात निळ्या, तीन पिवळ्या मागितल्या आणि मी चिठ्ठीवर नुसतं दहा लिहिलं, तर पोरगा वाटेल ते रंग भरेल. सगळं पार्सल परत. भाडं माझ्या डोक्यावर." मग ते भाचीकडे वळले आणि तिला रागावले. "बेटा, एवढं समजत नाही? रंगांची बेरीज करतात का कधी?"

मघाशी सात आणि तीन दहा करणारा हाच तो गृहस्थ. पण त्या क्षणापासून शिकवणी माझ्या हातून गेली. मी क्षवर्ग आणि क्ष हे दोघेही विजातीय कसे, हे सांगायला तोंड उघडलं. भाईंनी हाताने थांबवलं. "निळी जॉर्जेट आणि निळी क्रेप. रंग एक, माल वेगळा, भाव वेगळा. एका गठ्ठ्यात नाही बांधायचं. चला, पुढे." भाचीच्या वहीत कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सलग बरोबरच्या खुणा दिसल्या. ताईने चहात साखर वाढवली. भाईंच्या.

मी जरा दुखावलो होतो, म्हणून शिलालेखातली एक गोष्ट मुद्दाम भाईंच्या कानावर घातली. पाटणच्या बाजारात विकायला जो माल उघडला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचा तो वाटा या मठाला दिला होता. शिवाय तेलाच्या दर घाण्यामागे पळी पळी तेल. म्हणजे बीजगणित शिकवायचा खर्च बाजारातून निघत होता. भाई बराच वेळ गप्प बसले.

"तेव्हापासून आहे हे?" ते म्हणाले. "मला वाटलं, २०१७ पासून."

पुढचा अडथळा कंसाचा. ५क्ष − (२क्ष − ३). भाचीचं उत्तर ३क्ष − ३. खरं उत्तर ३क्ष + ३. कंसाच्या दारात वजाबाकीचं चिन्ह उभं असलं, की आतला प्रत्येक जण बाजू बदलतो. अधिकचा वजा, वजाचा अधिक. भाईंना हे पटेना. "आत तीन उणे होते. माझ्या खात्यात अधिक होऊन आले? कोणत्या बँकेत?" मी ब्रह्मगुप्तांना बोलावलं. इसवी सन ६२८ चा ग्रंथ, त्यात धन म्हणजे जमा आणि ऋण म्हणजे कर्ज धरून नियम दिले आहेत. शून्यातून कर्ज वजा केलं की धन होतं. भाई एकदम हळवे झाले. "एटले, कुणी माझी उधारी वजा केली तर मला नफा. बरोबर छे." मग त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि विचारलं, "आणि मी ज्यांना उधारीवर माल दिलाय, त्यांनीही हाच ग्रंथ वाचलाय वाटतं?"

घातांकांच्या धड्याला मात्र घरात खऱ्या अर्थाने घात झाला. दोनचा पाचवा घात किती, तर भाची म्हणाली दहा. दोन पंचे दहा, यात वाद काय? मी सांगितलं, दोन पाच वेळा मांडून एकमेकांशी गुणायचे, बत्तीस. तिला पटलं नाही. त्याच दमात मी दोनचा शून्यावा घात एक, हेही सांगून टाकलं. त्यावर भाईच उठून उभे राहिले.

"शून्य लावलं आणि एक मिळाला? भाऊ, असा धंदा असेल तर मला पार्टनर घ्या."

"भाई, नियम आहे तो."

"नियम असेल. माल दाखवा."

माल दाखवायला साडी लागली. आमच्या कपाटातली, बायकोची, ठेवणीतली. ती देवळात गेली होती म्हणून हा प्रयोग शक्य झाला. साडीची लांबी साडेपाच मीटर. दिवाणखान्यात मावेना, म्हणून एक टोक भाचीने धरलं आणि दुसरं भाई स्वयंपाकघरात घेऊन गेले. घडी अजून घातलेली नाही, तर थर किती? एक. "घड्या शून्य, थर एक," मी म्हणालो. भाईंनी कापडावर हात फिरवला. थर खरोखरच एक होता. "हं," ते म्हणाले. एक घडी घातली, टोकाला टोक लावून, थर दोन. दुसरी घडी, चार. तिसरी, आठ. भाची आता जमिनीवर बसून कडा मोजायला लागली. चौथी, सोळा, घडी हातभरही उरली नव्हती. पाचवी घातली तेव्हा साडेपाच मीटरची साडी सतरा सेंटिमीटरच्या गठ्ठ्यात आली होती. भाचीने बोटाला थुंकी लावून नोटा मोजतात तशी एकेक कड उलटली. बत्तीस. भाईंना एकतीस भरली. ते म्हणाले, मार्केटमध्ये एवढं घट-वध चालतं. पुन्हा मोजली, बत्तीस.

मग मला स्फुरण चढलं. आधी तीन घड्या, त्यावर आणखी दोन. म्हणजे दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा दुसरा घात. घातांकांची बेरीज, पाच घड्या. दोन घड्या उलगडल्या, तर भागाकार; पाचातून दोन गेल्या, तीन उरल्या, थर आठ. भाचीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. भाईंच्याही. मी इथेच थांबायला हवं होतं, पण पुढच्या इयत्तेतलं ऋण घातांकांचं प्रकरण मला खुणावत होतं.

"आता सांगा, घडी एकही नसताना आणखी एकदा उलगडलं तर?"

"कसं उलगडणार? सपाट आहे."

"गणितात उलगडतं. घातांक उणे एक. थर अर्धा."

"अर्धा थर म्हणजे?"

भाई विचारात पडले. कापडाच्या धंद्यात अर्ध्यावर यायचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता, आणि त्यांनी तो अगदी शास्त्रीय जिज्ञासेने विचारला. "वहिनींकडे कात्री असेल ना?"

वहिनी त्याच वेळी दारात उभ्या होत्या. हातात प्रसादाचा नारळ. पुढच्या प्रसंगाचं सरळ रूप देता येण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की ऋण घातांक तेव्हापासून आमच्या घरात शिकवला जात नाही, आणि तिने साडीच्या मोडलेल्या चुण्या पाहून जी वाक्यं उच्चारली त्यांतली सजातीय पदं एकत्र केली तर एकच पद उरेल, सहगुणक मोठा.

याच सुमारास बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी ते जुनं गणित टाकलं, २०१९ मध्ये जगभर फिरलेलं : ८ ÷ २(२ + २) = ? खाली लिहिलं होतं, 'फक्त हुशार लोकांसाठी.' त्यामुळे सगळ्यांनी उत्तर दिलं. महाराष्ट्रात शिकलेले आम्ही कंचेभागुबेववाले : आधी कंस, मग 'चे', मग भागाकार. २(४) म्हणजे दोनची चार पट, तो 'चे'च. आठ, मग आठला आठने भाग, उत्तर १. गुजरातीत शिकलेले भागुसबावाले : भागाकार आधी. आठ भागिले दोन, चार. चार चोक सोळा. मुळात प्रश्नच मोघम लिहिलाय, एक कंस जास्त घातला असता तर भांडणाला जागा राहिली नसती. पण मग तो गटावर टाकला कुणी असता?

पाण्याच्या टाकीची गळती, लिफ्टचं बिल, तळमजल्यावरची पार्किंग, सगळे विषय मागे पडले. एकवाले सोळावाल्यांकडे लिफ्टमध्ये पाहीनासे झाले. एका काकूंनी तर उंधियूची वाटी झाकून परत नेली. शेवटी रात्री उशिरा सेक्रेटरींनी तोडगा काढला. अनुभवी माणूस, चाळीस वर्षं कापडात. 'त्यांचे सोळा नको, तुमचा एक नको. मध्ये करा. साडेआठला सोडा.' त्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. एक आणि सोळा यांच्या बरोबर मध्यावर साडेआठच येतात, हे मी तपासलं. बाकी जगाला न सुटलेलं गणित आमच्या बिल्डिंगने दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा किमतीला सोडवलं होतं.

भाची आता पदांचा नियम ज्याला त्याला लावू लागली होती. आमच्या वस्तीत खान्देशी मंडळींचं एक गणेश मंडळ होतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर पुढे कोण बसणार, यावरून त्याची दोन झाली. दोन्हीकडचे जिल्ह्याने एक, बोलीने एक. दोन्हीकडे वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत, दोन्हीकडे आरती एकाच ओळीवर अडखळणारी, आणि दोन्हीकडच्या पत्रिकेवर 'समाजाची एकजूट' ठळक टाइपात. इकडे हीच माणसं चांदी पडव्याला रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून कुणा अनोळखी सुरतीच्या डब्यातली घारी आणि भुसूं असं खातात की जणू पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक.

"मामा, ही दोन मंडळं सजातीय ना?"

"अगदी."

"मग बेरीज का होत नाही?"

मला राहवलं नाही. दोन्हीकडच्या जाणत्यांना बोलावून मी समाजाच्या वाडीत बैठक लावली. माहोल सुंदर होता. एक अध्यक्ष म्हणाले, पद सोडतो. दुसरे म्हणाले, आधी मी सोडतो. खजिनदारांनी हिशेब दाखवायची तयारी दाखवली, म्हणजे भावना किती उचंबळल्या होत्या पाहा. एवढ्यात दाराबाहेर, चपला न काढता, चौकटीला टेकून उभ्या असलेल्या एका काकांनी फक्त एवढंच म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही, पण ट्रॅक्टर कुणाचा?"

आतल्या एकूण एक माणसाने बाजू बदलली. सोडणारे धरून बसले, देणारे मागायला लागले. भाची माझ्या कानाशी लागली, "मामा, कंसाबाहेर वजा उभाय."

तरी बैठक फुकट गेली नाही. दोन्ही मंडळं एकत्र आणण्यासाठी एक समिती नेमली. त्या समितीने यंदा स्वतंत्र मूर्ती बसवली. समिती तटस्थ दिसावी म्हणून खजिनदार बाहेरचा हवा होता, तर भाईंना घेतलं. परवा ते पावतीपुस्तक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. माझं नाव सुवाच्य लिहिलेलं, तारीख घातलेली, रकमेच्या रकान्यात मात्र एकच अक्षर : या.

"भाई, हे काय? आकडा कुठाय?"

"यावत्तावत्, भाऊ," भाई नम्रपणे म्हणाले. "जितकं असेल तितकं. तुमच्याच गावचा नियम आहे."

मी पाकीट चाचपत उभा होतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या 'या'वर शून्याचा घात चढवा आणि एक रुपया देऊन टाका."